घोयऱ्याचं पिल्लू सांभाळताना

घोयऱ्याचं पिल्लू वाटीतलं पाणी पीत नाही. काठोकाठ भरलेली वाटी समोर असली तरी ते तिच्या शेजारी बसून तहानेने मरू शकतं. साठलेलं, निश्चल पाणी त्याच्या ओळखीचंच नसतं. पानावरून ओघळणारा थेंब, पहाटेचं दव, पाऊस उघडल्यावर फांदीच्या टोकाला लोंबणारं पाणी, एवढंच त्याला पाणी म्हणून ठाऊक. अमरावतीत जखमी आणि चुकलेल्या वन्यप्राण्यांची शुश्रूषा करायला लागले, तेव्हा साप, घुबडं, माकडाची पिल्लं यांचं खाणंपिणं हळूहळू अंगवळणी पडत गेलं. घोयऱ्याजवळ मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शॅमेलिऑन या कुळातली भारतात आढळणारी ही एकमेव जात. पुस्तकांत तिला सरडगुहिरा म्हणतात, शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलानिकस, आणि आमच्या वऱ्हाडात घोयरा. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोक्यावर मागे उंच होत गेलेला टोप, शेपूट गुंडाळून फांदीला विळखा घालणारी. पायाची बोटं दोन गटांत जोडलेली असतात, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन, त्यामुळे पंजा सांडशीसारखा फांदी पकडतो. डोळ्यांवरची पापणी शंकूसारखी मिटलेली आणि टोकाला बारीक छिद्र. त्यातून एक डोळा पुढची पानं पाहतो तेव्हा दुसरा मागून येणाऱ्या माणसावर असतो. चालताना तो पाऊल उचलतो, पुढे-मागे झुलतो, थांबतो, मग टेकवतो. झाडावर वाऱ्याने पान हललं की त्यात हा हलणारा प्राणी कुणाच्या लक्षात येत नाही. हीच चाल डांबरी रस्त्यावर त्याचा जीव घेते. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, वाहनांचा वेग वाढला. झाडावरून उतरून पलीकडच्या बांधाकडे निघालेल्या घोयऱ्याची चाल मात्र हजारो वर्षांपूर्वीचीच आहे.

अकोल्याहून फोन आला तो पावसाळ्यातला होता. गावात झड लागलेली. पलीकडून एक बाई बोलत होत्या. "ताई, आमच्या पोरानं वावरातून घोयऱ्याचं पिल्लू आणलं. चांगलं खेळत होतं. आता डोळेच उघडत नाई." मी पहिल्यांदा अकोल्याच्या वनविभागाला कळवलं. माझ्या कामात ही पायरी वगळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, घोयरा त्या कायद्याने संरक्षित आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच. घरात ठेवणं तर त्याहून पुढची गोष्ट. तिथल्या वनरक्षकांना सोबत घेऊन त्या घरी पोचले.

पिल्लू एका जुन्या माशांच्या काचपेटीत होतं. खाली टॉवेल, कोपऱ्यात पाण्याची वाटी, टोमॅटोची फोड, जास्वंदीचं ताजं फूल आणि एक वाळकी काडी. त्या काडीवर शेपटीसकट माझ्या मधल्या बोटाहून जरासं मोठं, काळपट पडलेलं पिल्लू. डोळे आत गेलेले. अंगावरची कातडी बरगड्यांपाशी दुमडलेली. घरच्यांनी प्रेमात काही उणं ठेवलं नव्हतं. मुलगा पाचवी-सहावीतला, रोज शाळेतून आल्यावर हात धुऊन त्याला तळहातावर घेऊन बसायचा. नाव ठेवलं होतं चिंगू. आईने फूल बदललं होतं, वडिलांनी थंडी वाजू नये म्हणून पेटी खिडकीत उन्हाला आणली होती. आणि या सगळ्यात पिल्लू मरत चाललं होतं.

त्या पेटीतली एकेक वस्तू पिल्लाच्या विरोधात होती. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, ते त्याला आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा घोयरा वाटतो आणि सुटकेला जागा नसते. काचेच्या पेटीला झडीत ऊन मिळत नाही, ऊन पडलं तर आतली हवा भट्टीसारखी तापते. शिवाय खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला हवे ते अतिनील किरण जवळपास उरतच नाहीत. त्या किरणांवाचून कातडीत डी जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यावाचून अन्नातलं कॅल्शियम हाडात मुरत नाही. टोमॅटो आणि फूल त्याच्या खाण्याचेच नव्हेत. घोयरा जिवंत, हलणारा किडा पाहूनच जीभ सोडतो. पाण्याचं आधीच सांगितलं. आणि तळहात. मोठ्या सजीवाने वरून येऊन उचलणं म्हणजे शिकारी पक्ष्याने उचलणं, असंच त्याच्या शरीराला कळतं.

मुलाने विचारलं, "ताई, थे वाचन ना?" मी म्हणाले, पाहू. तेव्हा त्याहून जास्त सांगणं खोटं झालं असतं.

वनविभागाची नोंद झाली, पिल्लू शुश्रूषेसाठी माझ्याकडे आलं. झाकण टोचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाला आणि एक आडवी काडी घालून त्याला अंधारात अमरावतीपर्यंत आणलं. अंधारात हे प्राणी शांत राहतात. प्रवासभर मी एकदाही झाकण उघडलं नाही. उघडून पाहावंसं फार वाटतं, पण ते पाहणं आपल्यासाठी असतं.

आमच्याकडे उभा जाळीचा पिंजरा आहे, चारी बाजूंनी वारा खेळणारा. त्यात कुंडीतलं जास्वंदीचं झाड, कडुनिंबाच्या फांद्या आणि वेगवेगळ्या जाडीच्या काड्या आडव्या-तिरप्या बांधलेल्या. खालपासून वरपर्यंत कुठेही गेलं तरी पानांचा आडोसा मिळावा अशी रचना. पिंजरा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवायचा, कारण आपण त्याच्यापेक्षा खाली राहिलो तर त्याची भीती निम्मी होते. पाण्याची सोय दवाखान्यातल्या वस्तूची: सलाईनची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन, साधं पाणी भरून पिंजऱ्यावर टांगायची, नळीचं चाक फिरवून थेंबाची गती धरायची आणि थेंब बरोबर वरच्या पानावर पडेल असं पाहायचं. पानावरून पान, पानावरून काडी, असं पाणी उतरत राहतं. 

पहिल्या दिवशी पिल्लाने काही केलं नाही. दुसऱ्या सकाळी मी खोलीच्या दाराआडून पाहत होते. थेंब त्याच्या डोक्यापासून बोटभर अंतरावरच्या पानावर पडत होता. एक डोळा हळूच फिरला. मग मान. मग ते एक पाऊल पुढे झुललं, थांबलं, पुन्हा झुललं. पानाच्या टोकाशी तोंड नेलं, ओठ पानाला टेकवले आणि थेंब चोखला. घशाखालची कातडी किंचित हलली. पुन्हा थेंब, पुन्हा तेच. किती वेळ पीत राहिलं कोण जाणे. मी हलले नाही. दुपारपर्यंत डोळ्यांचे शंकू भरून वर आले होते. त्यानंतर विष्ठेकडे लक्ष ठेवायचं. तिच्याबरोबर पडणारा घट्ट भाग पांढरा असेल तर पाणी पुरतं आहे. पिवळा-नारिंगी असेल तर थेंब वाढवायचे. रोज सकाळी मी पहिल्यांदा तेच पाहत असे, आणि तो भाग पांढरा दिसू लागल्यावर बरं वाटायचं.

खाण्याचं काम अधिक कष्टाचं. एवढ्याशा पिल्लाला रोज, दिवसातून दोनदा तरी किडे लागतात आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा चालत नाही. सुरुवातीला फळमाश्या. पिकलेलं केळं बरणीत ठेवलं, तोंडाला मलमल बांधली की आठवडा-दोन आठवड्यांत बरणी भरते. नंतर रातकिड्यांची पिल्लं, बारके नाकतोडे. रातकिडे आम्ही अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या ट्रेमध्ये वाढवतो. त्यांना आधी शेवग्याचा पाला आणि गाजर खाऊ घालायचं, कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी पिल्लाच्या हाडांत जातं. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून अधूनमधून कॅल्शियमची भुकटी चोळून सोडायचे. नाकतोडे आणायला जाळी घेऊन छत्री तलावाकडच्या गवतात जावं लागे. कपाशीच्या वावरातला किडा कितीही गुबगुबीत असला तरी घेत नसू. जुलै-ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारण्या चालू असतात, आणि औषध खाल्लेला एक नाकतोडा चार ग्रॅमच्या जिवाला पुरेसा असतो.

चार ग्रॅम हे त्याचं खरं वजन होतं. सराफाकडे असतो तसा छोटा काटा आमच्याकडे आहे. पिल्लाला काट्यावर ठेवायचं नाही. आधी नुसती काडी तोलायची, मग ते आपणहून काडीवर चढलं की काडीसकट तोलायचं आणि वजाबाकी करायची. हात लावावा लागत नाही. ही युक्ती मला एका पशुवैद्य डॉक्टरांनी सांगितली. त्यांनीच जबडा आणि पायांची हाडं तपासून सांगितलं की अजून हाडं मऊ झालेली नाहीत, वेळ आहे. हाडं मऊ झाली की पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो आणि जीभसुद्धा नीट सुटत नाही. जीभ सुटली नाही तर त्या प्राण्याला जगण्याचं साधनच उरत नाही.

त्या जिभेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. घोयऱ्याची जीभ त्याच्या अंगापेक्षा लांब जाते. घशातल्या एका हाडावर ती कांद्याच्या पाकळ्यांसारख्या आवरणांत गोळा होऊन बसलेली असते. स्नायू दाबला जातो, लवचिक थरांत ताण साठतो आणि तो सुटताच जीभ बाहेर फेकली जाते. तिच्या टोकावरचा चिकट द्रव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो, असं २०१६ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं. पिल्लाने माझ्यासमोर पहिली फळमाशी धरली तेव्हा मला फक्त माशी होती आणि मग नव्हती एवढंच दिसलं. जन्मल्यापासून त्याला हे येतं. त्याला कुणी शिकवत नाही, कारण शिकवणारं कुणी नसतंच.

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. माकडाचं पिल्लू आलं की ते अंगाला चिकटतं, आणि मग आपल्याला आई व्हावं लागतं. गरम बाटली, गोधडी, रात्रीची जाग. घुबडाचं पिल्लू चोच उघडून मागतं. घोयऱ्याची मादी जमिनीत बीळ उकरते, अंडी घालते, माती ओढून जागा पूर्ववत करते आणि झाडावर निघून जाते. अंडी कित्येक महिने मातीत राहतात. पिल्लं आपणच माती उकरून बाहेर येतात, जवळचं झुडूप गाठतात आणि एकेकटी पांगतात. आई नावाचं स्थानच त्यांच्या आयुष्यात नाही. मग मी त्या पिल्लाची कोण? पिंजऱ्यासमोर बसून हा प्रश्न मला पुष्कळदा पडला. मी त्याला पाऊस दिला, ऊन दिलं, किडे दिले. झाडाने आणि हवेने जे करायचं ते माझ्याकडे आलं होतं. माझ्याकडे पाहून त्याने काही ओळख दाखवावी ही अपेक्षा मी झाडाच्या जागी उभी असताना ठेवूच शकत नव्हते.

आणि ओळख होऊसुद्धा नये, असं मला वाटायचं. चिमट्याने किडा धरून समोर नेला तर घोयऱ्याची पिल्लं काही दिवसांत शिकतात. चिमटा दिसला की पुढे येऊ लागतात. बघणाऱ्याला ते फार गोड वाटतं. पण हे पिल्लू परत वावरात जायचं होतं. तिथे माणूस दिसला की पुढे येणाऱ्या घोयऱ्याला काठीच मिळते. आमच्याकडे अजूनही मानतात की घोयरा इखारी असतो, त्याचा फुसकारा लागला तर माणूस वाचत नाही. तो विषारी नाही. घाबरला की तो तोंड उघडून फुसकारतो, अंग फुगवतो, काळा पडतो, आणि लोकांना तेवढंच दिसतं. म्हणून मी चिमटा वापरला नाही. किडे पिंजऱ्यात सोडून बाजूला होत असे. त्याने शोधावेत, रांगत जाऊन गाठावेत, एखादा निसटावा. मी खोलीत शिरले की ते फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकायचं, फांदी आपल्या आणि माझ्या मध्ये घ्यायचं आणि कडेने एक डोळा माझ्यावर ठेवायचं. शेवटपर्यंत ते असंच करत राहिलं. मला त्याचा फार आनंद होता.

रंगाविषयीही तेव्हाच नीट लक्षात आलं. घोयरा आजूबाजूच्या वस्तूंशी रंग जुळवत बसतो असा समज आहे, आणि आपण माणसांवर तो म्हणीसारखा वापरतो. प्रत्यक्षात त्याच्या रंगात थंडी, ऊन, भीती, आजार, समोरचा दुसरा नर हे सगळं येतं. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या गटाने मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतल्या काही पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. काळपटपणा मात्र मेलॅनिनमुळे येतो. मला त्या पिल्लाच्या रंगातून रोजची बातमी मिळायची. सकाळी थंड असलं की काळसर, म्हणजे ऊन शोषून घेतंय. ऊन मिळाल्यावर पोपटी. भर दुपारी, पोट भरलेलं असताना काळं दिसलं तर काहीतरी बिघडलंय. आणि रात्री, झोपेत, सगळा रंग जाऊन फिकट. टॉर्चच्या उजेडात अंधाऱ्या पानांमध्ये ते पांढुरकं दिसायचं, शेपटीचं वेटोळं घट्ट गुंडाळलेलं. दिवसा झोपणारं पिल्लू आजारी असतं. रात्री असं फिकट होऊन झोपलं की मी निर्धास्त झोपत असे.

झडीच्या दिवसांत ऊन नव्हतं. तेव्हा यूव्हीबीची ट्यूब लावावी लागली. ती नळी दिसायला वर्षभर तशीच उजेड देते, पण अतिनील किरण काही महिन्यांत घटतात, म्हणून तिच्यावर लावल्याची तारीख लिहून ठेवतो. ढग फाटले की पिंजरा गच्चीवर. अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत. कुठे बसायचं ते त्याने ठरवायचं. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा एवढं लहान पिल्लू असतं तर ऊन देणं हेच सगळ्यात धोक्याचं काम झालं असतं.

मधल्या काळात लोक येत. काहींना फोटो हवा असायचा, पिल्लू बोटावर घेऊन. सर्पमित्र म्हणवणाऱ्या काही तरुण मुलांचा तर आग्रहच असे. त्यांची मायाही खरी असते, पण पिल्लाच्या अंगावर त्या पाच मिनिटांचा परिणाम दिवसभर दिसतो. एका गृहस्थांनी विचारलं, किंमत किती? मांडुळाचा जसा गुप्तधनाच्या नावाखाली बाजार मांडला गेला, तसं कुठल्या प्राण्याचं काय होईल याची मला तेव्हापासून धास्ती वाटते. मोठ्या शहरांत परदेशी जातीचे शॅमेलिऑन पाळणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आणले. पाळणाऱ्यांमध्ये फार मन लावून करणारे लोक मी पाहिले आहेत. पण आमच्या बांधावरचा घोयरा पाळीव होऊ शकत नाही, आणि माझ्या मते कुठलाच शॅमेलिऑन होऊ नये. सोबत हा शब्द त्याच्या स्वभावात नाही. दोन घोयरेसुद्धा एका पिंजऱ्यात सुखाने राहत नाहीत.

अकोल्याचा मुलगा मात्र फोटो मागत नव्हता. आईच्या फोनवरून तो विचारायचा, "आज किती किडे खाल्ले?" एकदा म्हणाला, "ताई, मी त्याले भेटाले येऊ का?" मी त्याला सांगितलं की तू आलास तर ते घाबरेल, काळं पडेल, दिवसभर खाणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मंग नाई येत." इतक्या लहान वयात इतकं समजून घेणं मला मोठ्या माणसांतही क्वचित दिसलं आहे. त्यानंतर तो एक वही करू लागला. मी आठवड्याचं वजन सांगायचे, तो लिहायचा.

पोळ्यानंतर पावसाची उघडीप वाढली. पिल्लू तोवर दुपटीहून जास्त भरलं होतं, नाकतोडे स्वतः गाठत होतं, पायांची हाडं सरळ होती, आणि माझ्यापासून फांदीआड होण्यात तरबेज झालं होतं. वनविभागाच्या परवानगीने त्याला मूळ जागीच सोडायचं ठरलं. प्राणी जिथला तिथेच सोडावा. उगाच मेळघाटात नेऊन सोडण्याने त्याचं भलं होत नाही. तिथलं रान, तिथले शिकारी, तिथलं पाणी त्याचं नसतं.

वावर बार्शीटाकळीच्या बाजूला. कपाशी आणि तूर, मधोमध जुना धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावर बोरी, बाभूळ, एक मोठा कडुनिंब आणि कंबरभर गवत. घोयऱ्यासाठी याहून चांगली जागा सांगता येणार नाही. वनरक्षक, मुलगा, त्याचे बाबा आणि मी. काडी बोरीच्या फांदीला टेकवली. पिल्लू काडीवरून उतरेना. मग एक पाऊल, झुलणं, थांबणं. फांदीवर गेलं, आणि पुढच्या क्षणी फांदीच्या मागे. मुलाने खिशातून वही काढून तारीख लिहिली. मला वाटलं होतं तो रडेल. तो नुसता बोरीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दिसतच नाई आता."

खरं बोलणं त्यानंतर झालं, त्याच्या बाबांशी. मी म्हणाले, भाऊ, उन्हाळ्यात धुरा पेटवू नका. आमच्याकडे पेरणीआधी धुरे पेटवायची सवय आहे. गवत जळतं, तण जातं असं वाटतं, आणि मातीतली अंडी, झुडपातली पिल्लं, सगळं त्यात जातं. ते म्हणाले, "धुरा नाई पेटवत, हे कबूल. पन फवारनीचं काय करू ताई? तूर त वाचवा लागन ना." प्रश्न रास्त होता. ज्याच्या घरचं वर्ष त्या तुरीवर चालतं त्याला फवारू नका म्हणणं मला शोभलं नसतं. आम्ही धुऱ्यावर बसून हिशेब केला. धुऱ्यालगतचे चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, रासायनिक फवारणीतून सोडायचे, तिथे पाच टक्के निंबोळी अर्क वापरायचा. पक्ष्यांना बसायला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे रोवायचे. अळी दिसली की लगेच पंप न काढता आधी झाडं मोजून, नुकसानीची पातळी पाहून मग ठरवायचं, जसं कृषी विद्यापीठाचे लोकही सांगतात. ते तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली: चार तासांचं पीक गेलं तर मी येऊन त्यांच्या बायकोला समजवायचं. मी हो म्हटलं.

दिवाळीआधी त्यांचा फोन आला. धुऱ्यावर एक मोठी मादी माती उकरत होती. शेजारचा शेतकरी काठी घेऊन आला होता, त्याला त्यांनी अडवलं. आता पुढे काय करू, असं विचारत होते. मी सांगितलं: लांब उभे राहा, ती निघून गेली की जागेभोवती चार काट्या रोवा, उकरून पाहू नका, अंडी हलवू नका, वखर तिथून नेऊ नका. "वखर त तिकडे नेतच नाई," ते म्हणाले. "पन त्याचा धुरा माह्या धुऱ्याले लागून हाय. त्यानं पेटवला त इकडे येतेच ना आग?"

त्या शेजाऱ्याशी बोलायला वनरक्षकांना घेऊन मी पुन्हा वावरात गेले. त्यांना घोयरा इखारी नाही हे पटवायला सकाळ गेली. दुपारच्या भाकरीनंतर त्यांनी विचारलं, हा तुरीवरची अळी खातो का. समोर हलेल ते खातो, मी म्हणाले. या वर्षी पेटवत नाही, पाहू, असं ते म्हणाले. दोन धुऱ्यांच्या सांध्यावर आम्ही आणखी काट्या रोवल्या.